बिनमापाचा कोट

मास्तरणीनं चिंध्यांचं तिसरं पोतं फरशीवर उलटं केलं आणि पायानं ढीग पसरला. अस्तराचे तुकडे, कॉलरची कात्रणं, फुटक्या बटणांची एक पुडी, एक वाळून कोळ झालेलं झुरळ. कागद नव्हता.

"हात चालव," ती सुनेला म्हणाली. "शोधतेयस की चिंध्यांना झोपवतेयस?"

सून गुडघ्यांवर बसून एकेक चिंधी उचलत होती, झटकत होती. "पोत्यात नाही मिळायचा, आई. कागद आपण पोत्यात टाकतच नाही."

"आणि शर्ट धुताना खिसा बघायचा असतो, तेही आपण करतच नाही वाटतं."

शर्ट तिनंच धुतला होता. धाकट्याच्या अर्जाची पावती त्या खिशात चार घड्या घालून ठेवलेली होती. दोरीवर शर्ट वाळल्यावर खिशातून नखानं खरवडून काढला तो लगदा, आणि त्या लगद्यावर अर्धा शिक्का तेवढा ओळखू येत होता. सरकारची शाई पक्की. नंबर लिहिणाऱ्याची कच्ची.

धाकटा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा होता. सकाळपासून कार्यालयाच्या रांगेत उभा राहून आला होता तरी बसत नव्हता. बोट अठ्ठावीस तारखेला सुटणार होती. बोटीवरच्या लाँड्रीत त्याला जागा मिळाली होती, पण शुक्रवारपर्यंत चारित्र्याचा दाखला दाखवायचा होता. नाही तर ती जागा यादीतल्या पुढच्याला. आज मंगळवार होता.

"खिडकीवरचा काय म्हणाला ते पुन्हा सांग," मास्तरीण म्हणाली.

"दोनदा सांगितलं."

"तिसऱ्यांदा सांगितल्यानं जीभ झिजत नाही."

"म्हणाला, अर्जाचा नंबर असेल तर दोन मिनिटांचं काम. नंबर नसेल तर वरच्या मजल्यावर जायचं. तिथं नावावरून शोधतात." धाकट्यानं रस्त्याकडे एकदा बघितलं आणि आवाज उतरवला. "पण नावानं शोधलं की नुसता अर्ज वर येत नाही. त्या घरातलं जे काही असेल ते सगळं वर येतं. जुनंसुद्धा."

टेबलावरच्या इस्त्रीतला एक कोळसा तडकला. तिघांनीही तिकडे बघितलं, जणू तो काही बोलला होता.

जुनं म्हणजे थोरला. दहा वर्षांपूर्वी संप चालू असताना गोदामाला आग लागली. रखवालदार आतच राहिला. सात जणांची नावं लिहिली गेली, त्यातलं एक थोरल्याचं. तो त्याच पहाटे निघून गेला. मागे त्याची बायको राहिली, ही सून, आणि मशीनच्या सुईखाली एक विजार अर्धी शिवलेली तशीच. त्यानंतर ना पत्र, ना निरोप. दोन वर्षं माणसं येऊन विचारत राहिली, मग तीही यायची थांबली. घरातही त्याचं नाव निघेनासं झालं. घरात तो थोरला होता, आणि बाहेर कुणी नव्हता.

धाकट्यानं अर्ज इथंच, याच टेबलावर भरला होता. 'मुलगे किती' या ओळीशी त्याचा पेन थांबला होता.

"एक लिही," मास्तरीण म्हणाली होती.

सून तेव्हा काजं करत बसली होती. तिची सुई थांबली नव्हती. मास्तरणीनं ते बघून ठेवलं होतं.

"तार बघितलीस?" आता तिनं सुनेला विचारलं.

"दोनदा. पार खालपर्यंत."

"खालपर्यंत जायला तुला कुणी सांगितलं होतं?"

मशीनच्या वर भिंतीत एक जाड तार होती, टोकाला आकड्यासारखी वळवलेली. मास्तर गेले, तार राहिली. गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं, चिठ्ठीवर लिहायचं आणि तारेत टोचायचं. कापड बेतायला घेताना चिठ्ठी तारेवरून कापडाला टाचायची. कपडा शिवून, इस्त्री होऊन खुंटीवर गेला की चिठ्ठी इस्त्रीच्या निखाऱ्यात. शिवलेल्या कपड्याची चिठ्ठी दुकानात ठेवायची नाही, हा मास्तरांचा नेम होता. जुन्या मापावर नवा कपडा बेतला की पोटं सुटलेली माणसं भांडायला येतात, असं ते म्हणत. तारेच्या अगदी तळाशी, भिंतीला चिकटून, एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती. तो कपडा अजून बेतायचा होता. ती थोरल्याच्या कोटाची होती. तिला कुणी हात लावत नसे.

"आई," धाकटा म्हणाला, "अर्ज दिला त्या दिवशी मी खिडकीवरूनच फोन केला होता. नंबर लिहून घे म्हणालो, पावतीचा भरवसा नाही म्हणालो. तू लिहून घेतलास ना?"

"घेतला."

"मग?"

"मग काय? तारेला लावला. महत्त्वाचं सगळं तारेला लागतं. तारेवरून उतरून कुणी पायी चालत जात नाही."

ती हे ठणकावून बोलली, पण बोलताना नजर तारेवरून सरकली. मास्तरणीला लोक मास्तरीण म्हणत ते मास्तरांमुळे. तिची स्वतःची शाळा दुसरीत सुटली होती. अक्षरांशी तिचं फारसं सख्य नव्हतं. आकड्यांशी मात्र होतं, आणि आकड्यांत तिची चूक काढणारा अजून जन्माला यायचा होता, असं ती स्वतःच सांगत असे.

सून उठून उभी राहिली. हातातली चिंधी तिनं नीट घडी करून ठेवली, जशी काही ती कामाची होती.

"आई, नंबर लिहिला कसा होता तुम्ही?"

"जसा लिहितात तसा."

"एका ओळीत? की दोन-दोन आकडे, खाली-खाली?"

फोनवर धाकट्यानं नंबर जोडीजोडीनं सांगितला होता. तिनंही जोडीजोडीनं लिहिला होता, एकाखाली एक. आयुष्यभर तिनं दुसरं काही लिहिलंच नव्हतं. लांबी, छाती, कंबर, खांदा, बाही, गळा.

"त्या काळ्या कापडाला चिठ्ठी नव्हती," सून म्हणाली. "आणि तारेवर एका चिठ्ठीला कापड नव्हतं. मला वाटलं, दोन्ही एकमेकांचीच. मी टाचली."

तिघांच्या नजरा एकदमच खुंटीकडे गेल्या.

काळा कोट तिथं आठवडाभर टांगलेला होता. कापड घेऊन आलेला माणूस माप नंतर देतो म्हणाला होता आणि फिरकला नव्हता. अंगाच्या आधी कापड पाठवणारं हे पहिलंच गिऱ्हाईक, असं मास्तरीण तेव्हा हसून म्हणाली होती. मग एके दिवशी कापडाला टाचलेली चिठ्ठी दिसली, तेव्हा तिला वाटलं, येऊन गेला असेल, सुनेनं माप घेतलं असेल. बेतताना तिनं कुरकुरही केली होती: ही बाही की ओढणी? छाती बेताची आणि हात हे एवढे लांब, असला कसला माणूस म्हणायचा. पण चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. अक्षर स्वतःचंच होतं, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. अक्षर कुठं होतं? नुसते आकडे.

"म्हणजे तू नंबर बेतलास," धाकटा म्हणाला.

"मी चिठ्ठी बेतली. टाचणारी ही."

"आणि चिठ्ठी?"

सुनेनं इस्त्रीकडे बोट दाखवलं.

धाकटा इतका वेळ उभा होता तो आता खाली बसला, चिंध्यांच्याच ढिगावर. हसू की रडू अशा तोंडानं तो कोटाकडे बघत होता. मास्तरणीनं चष्मा पुसला, गळ्यातला टेप ओढून काढला आणि कोट टेबलावर पालथा घातला.

"बघत काय बसलायस? लिहून घे. कोट मी शिवलाय, तेव्हा आत काय घातलं ते मलाच माहीत." तिनं टेप लावला. "लांबी एकोणतीस. छाती कोटाची बेचाळीस. छातीला मी चार सोडते. अडतीस लिही. खांदा अठरा, खांद्याला मी काही सोडत नाही. खांदा असतो तेवढाच असतो." मग सुनेला, "एक बाही उसव. शिवणीत किती गेलंय बघू दे."

सुनेनं ब्लेडनं टाके तोडले. उजवी बाही सुटून टेबलावर पडली, तुटलेल्या हातासारखी. मास्तरणीनं कड मोजली. "सव्वीस. गळा पंधरा."

"कंबर राहिली."

तिनं कंबर मोजली. परत मोजली. कापड पाण्यातून काढलेलं नव्हतं, इस्त्रीच्या वाफेनं कंबरेशी थोडं आखडलं होतं. चार सोडले होते की साडेचार? तिनं टेप बोटांवर गुंडाळला.

"पस्तीस," ती म्हणाली. आणि मग, तिला न शोभणाऱ्या आवाजात, "नाही तर छत्तीस."

*

दुसऱ्या दिवशी ती स्वतः धाकट्याबरोबर गेली. कार्यालयाची इमारत बाहेरून रंगवलेली होती आणि आतून नव्हती. बाकांवर माणसं एकमेकांकडे न बघता बसली होती. खिडकी क्रमांक चारवरचा माणूस जाड चष्म्याचा होता, आणि त्याच्यापुढच्या पडद्याचा उजेड काचांवर पडत असल्यामुळे त्याचे डोळे दिसत नव्हते.

"नंबर सापडला," धाकटा म्हणाला.

"हरवला होता ना?"

"हरवला नव्हता, टांगला होता," मास्तरीण म्हणाली. "घ्या लिहून. एकोणतीस, अडतीस, छत्तीस..."

छत्तीस आधी सांगायचं तिनं रात्रीच ठरवलं होतं. चुकलं तर निदान पस्तीस शिल्लक राहील. चष्मेवाल्यानं आकडे दाबले आणि पडद्याकडे बघितलं. बघतच राहिला. मग त्यानं पडदा किंचित स्वतःकडे वळवला.

"हा तुमचा नाही."

"मग कुणाचा?"

"कुणाचा असेल त्याचा." त्यानं पटकन काहीतरी दाबलं. काचांवरचा उजेड बदलला. "बाई, असे अंदाजे नंबर टाकायचे नसतात. दुसऱ्याचं काय उघडेल सांगता येत नाही. आणि उघडलं की कुणी उघडलं, त्याची नोंद होते."

"पस्तीस करा," मास्तरीण म्हणाली.

त्यानं केलं. या वेळी तो लगेच बोलला. "हं. हाच. घरचा पत्ता, शिवणकाम, मुलगे एक." त्यानं धाकट्याकडे बघितलं. "अविवाहित."

"हो."

"सगळं ठीक आहे. घरची चौकशी तेवढी बाकी."

"मग पाठवा की माणूस," मास्तरीण म्हणाली. "आम्ही काय पळून जातोय?"

हे शेवटचं तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिनं ओठ मिटले.

चष्मेवाला पडद्यावर बोट फिरवत होता. "एकदा येऊन गेलेत तुमच्याकडे. पहिली भेट झाल्याची नोंद आहे. सहा तारीख."

"आमच्याकडे कुणी आलं नाही."

"नोंद आहे म्हणजे आले असतील."

"मी दुकानातून हलत नाही. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय माशीसुद्धा आत येत नाही."

"मग तुम्हीच भेटला असाल," तो म्हणाला आणि त्यांच्या मागच्या माणसाकडे बघू लागला. "दुसऱ्या भेटीला येतील. उद्यापरवा. घरी थांबा."

परतताना धाकटा दोनदा म्हणाला, नोंद चुकली असेल. मास्तरीण सहा तारखेचा दिवस मनात उलटा करून, पोत्यासारखा झटकून बघत होती. दुधवाला. शाळेच्या गणवेशाची बाई. पडद्यांचं माप देऊन गेलेली दोन माणसं. तिला सगळी आठवली, आणि कुणीच सरकारी दिसत नव्हतं.

घरी आल्या आल्या तिनं सुनेला समोर उभं केलं.

"कुणी आलं, विचारलं, तर तू इथं कामाला येतेस. सकाळी येतेस, संध्याकाळी जातेस. समजलं?"

"समजलं."

"तोंड वाकडं करू नकोस. एकदा तो बोटीवर चढला की काय ते बघू."

"तोंड वाकडं नाही केलं," सून म्हणाली. "दहा वर्षं तेच तर करतेय. फक्त संध्याकाळी जायचं तेवढं नवीन."

मास्तरणीनं सुईत दोरा ओवायला घेतला आणि तो तीनदा चुकला.

*

तो गुरुवारी दुपारी आला. धाकटा बोटीच्या कंपनीत डॉक्टरकडून तपासणी करून घ्यायला गेला होता. रस्ता रिकामा होता, समोरच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. मास्तरीण मशीनवर होती, सून इस्त्री फुंकत होती. दारातला उजेड अडला म्हणून मास्तरणीनं मान वर केली.

"माझं कापड दिलं होतं," तो माणूस म्हणाला. "काळं. माप द्यायचं राहिलं."

सरळ भांग, स्वच्छ दाढी, पायात नुकतेच पुसलेले बूट. हातात काहीच नव्हतं. मास्तरणीच्या पायाखालचं मशीनचं चाक आणखी एक फेरा फिरून थांबलं. सहा तारीख. दुधवाल्याच्या नंतर, गणवेशवालीच्या आधी.

"या," ती म्हणाली. "बसा."

"उभाच बरा. माप उभ्यानंच घेतात ना?" त्याची नजर खुंटीवर गेली. "अरे. हा काय झालासुद्धा."

सुनेनं बाही बुधवारीच परत टाचून ठेवली होती, कच्च्या पांढऱ्या दोऱ्यानं. कुणी काही म्हणायच्या आत त्यानं कोट खुंटीवरून उतरवला आणि अंगात घातला. आरशापुढे जाऊन बटणं लावली. मास्तरीण बघत राहिली. चाळीस वर्षांत तिनं शेकडो कोट शिवले होते, आणि पहिल्यांदा घालताच असा बसलेला कोट तिनं पाहिला नव्हता. खांद्याला सुरकुती नाही. कंबरेला चिमटा नाही. त्या लांबलचक बाह्या, ज्यांच्यावर ती कुरकुरली होती, त्याच्या मनगटाशी नेमक्या येऊन थांबल्या होत्या.

"मी माप दिलं नव्हतं," तो आरशातूनच म्हणाला.

"नव्हतं."

"मग कुठून घेतलंत?"

"नजरेनं," मास्तरीण म्हणाली. "चाळीस वर्षं झाली. नजर बसते."

"चांगली आहे नजर." तो वळला. उजवा हात पुढे करून त्यानं खांद्याशी पांढरा दोरा दाखवला. "एवढं का उसवलंय?"

"बघायचं होतं, आत किती आहे ते."

"मलाही तेच काम असतं," तो म्हणाला आणि हसला. "शिवून द्या. अंगावरच द्या. काढत बसत नाही."

तिनं काळा दोरा ओवला. या वेळी पहिल्याच झटक्यात ओवला गेला. ती त्याच्या खांद्याशी उभी राहून टाके घालू लागली. तो दुकान बघत होता. टेबल, पोती, आतल्या खोलीचा पडदा, पडद्याखालून दिसणारा पलंगाचा पाय. तिथं किती माणसं झोपत असतील, हे तो मोजत असावा.

"धाकटा कुठं गेलाय?"

"डॉक्टरकडे."

"आणि ही?"

"कामाला येते," मास्तरीण म्हणाली. टाका जरा खोल गेला.

त्यानं सुनेकडे नीट बघितलंही नाही. बोटानं चुटकी वाजवली. "ए, पाणी आण गं. आणि आधी ते हात धू. कोळसे चिवडतेयस आणि तसाच पेला धरशील."

सून हलली नाही. तिनं आपले हात बघितले. काळे होते खरे. ती आत जायला वळली. मास्तरणीची सुई मधेच थांबली.

या पोरीला ती रोज दहा वेळा बोलत होती. हात जड, डोकं हलकं, चाल कासवाची, हे सगळं तिचंच होतं. पण ते तिचं होतं.

"धुतलेलेच आहेत ते," ती म्हणाली. "आणि चुटकी कुत्र्याला वाजवतात. सून आहे ती माझी."

बाहेर कुणाची तरी सायकल खडखडत गेली.

"सून," तो माणूस म्हणाला. रागानं नाही; नवा आकडा लिहून घेताना माणूस जसा मोठ्यानं म्हणतो, तसा. "अर्जात एक मुलगा आहे. अविवाहित. असू दे. लिहिताना चुकतं माणसाचं." हात तसाच लांब धरून त्यानं मान तिच्याकडे वळवली. "मुलगे किती, मास्तरीणबाई?"

तिनं शेवटचा टाका घातला, गाठ मारली आणि त्याच्या खांद्याला गाल लागेल इतकी वाकून दोरा दातानं तोडला.

"दोन. एक डॉक्टरकडे गेलाय. दुसरा कुठं आहे ते तुम्हाला माहीत असेल तर मला सांगा. दहा वर्षं कुणाला विचारावं कळत नव्हतं."

"दिसायला कसा?"

"आईला विचारताय? देखणा."

"उंची? खांदा?"

"विसरले."

"तुम्ही विसराल?" तो हसला. बाही खालीवर करून शिवण बघितली. "न घेतलेलं मापसुद्धा तुमचं चुकत नाही. घरच्या माणसाचं तर लिहिलेलंच असेल की कुठंतरी."

तो भिंतीशी गेला. तारेवरच्या चिठ्ठ्या त्यानं एका बोटानं पुढे ओढायला सुरुवात केली, एकेक, शांतपणे, मण्यांसारख्या. प्रत्येकीवरचं नाव वाचत होता. नावं सुनेनं लिहिलेली; मास्तरणीला ती वाचता आली नसती, पण क्रम पाठ होता. गणवेश. पडदे. दुधवाल्याची विजार. मग म्हाताऱ्या कंपाउंडरचा सदरा, जो बेतायचाच राहिला. मग तळ. तिनं टेबलाची कड धरली.

तळाशी काही नव्हतं.

भिंतीत घुसलेलं तारेचं टोक, बस. तारेला सगळीकडे गंज चढलेला होता, फक्त भिंतीलगतची नखभर जागा स्वच्छ होती, कालच घासल्यासारखी. त्यानं त्या जागेवरून बोट फिरवलं. बोट बघितलं.

"इथं काय होतं?"

मास्तरीण सुनेकडे बघत होती. सून आत गेलेली नव्हती. ती इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती, आणि इस्त्रीचं झाकण तिनं हाताच्या तळव्यानं दाबून धरलं होतं. लोखंड तापलेलं असणार. ती हात काढत नव्हती. कडेच्या भोकांतून जुन्या कागदाचा एक बारीक, पिवळट धूर निघत होता.

त्या माणसानं नाक वर केलं.

"काहीतरी जळतंय."

"इस्त्री आहे," सून म्हणाली. "तुमच्या बाहीसाठी तापवली."

तो तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघत होता. चेहरा, मग हात, मग तो धूर. घाई नव्हती त्याला. मग त्यानं कोट अंगातून काढला, झटकून टेबलावर पसरला, आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून दाराच्या मधोमध ठेवलं. दुकानात आलेला उजेड अर्धा झाला. तो रस्त्याकडे तोंड करून बसला.

"करा मग," तो म्हणाला. "धाकटा येईपर्यंत थांबतो मी."

मास्तरणीनं सुनेचा हात इस्त्रीवरून उचलला. तळव्यावर झाकणाची कड उमटली होती. तिनं तो कोपऱ्यातल्या पाण्याच्या बालदीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला, एक क्षण, दोन क्षण. मग फडकं ओलं केलं, पिळलं, काळ्या बाहीवर पसरलं आणि इस्त्री उचलली.

वाफ वर आली. खांद्यापासून मनगटापर्यंत, सव्वीस इंच, ती सावकाश इस्त्री फिरवू लागली.